आप्पांचा पाण्याचा कॉम्प्युटर

विश्वनाथआप्पांच्या दुकानात वस्तू मागितली की लगेच मिळत नसे. आधी प्रश्न यायचे. "पाणी कुठून येतं? जायचं कुठवर? मधी वळणं किती?" गिऱ्हाईक अडखळलं की आप्पा हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "जा, मोजून या. दुकान कुठं पळून चाललंय." आणि गिऱ्हाईक खरंच परत जायचं, मोजून यायचं. परळीत पाइप, नळ आणि पाण्याच्या मोटारी विकणारी आणखी सहा-सात दुकानं होती. तिथं वस्तू मागताक्षणी हातात पडायची. तरी माणसं आप्पांकडे यायची.

धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. नवा माल आला की ते नळ फिरवून कानाशी धरायचे, वायसर वाकवून बघायचे, पाइपाच्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवायचे. एकदा एका कंत्राटदारानं चाळीस नळ मागितले. माल दुकानात होता. आप्पांनी खोक्यातले चार काढले, त्यांचे आटे फिरवून पाहिले आणि खोकं बंद केलं.

"हे न्हाई देत. आटे ढिले हायेत."

"मला चालतेत आप्पा. सरकारी काम हाय."

"तुमाला चालतेत. पाणी बाया भरणार हायेत," आप्पा म्हणाले आणि त्याला समोरच्या दुकानाचा पत्ता सांगितला.

मी हे माझ्या गाळ्यातून बघायचो. माझा गाळा त्यांच्या दुकानासमोर होता. मी मूळचा तलवाड्याचा. घरात मेंढरं. बीडला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि परळीत येऊन कॉम्प्युटर जोडून विकायला लागलो, जोडीला थोड्या शिकवण्या. म्हणून आप्पा मला मास्तर म्हणत. बाहेरदेशातला माल तेव्हा मोकळेपणानं यायला लागला होता. ज्या वस्तूंची नावं आम्ही कोर्सला असताना मासिकात वाचायचो, त्या आता मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून परळीत उतरत होत्या.

आप्पा गेल्याचं मला बीडला फोनवर कळलं. मी "बरं" म्हणालो आणि हातातल्या प्रिंटरचं झाकण लावत बसलो. चारही स्क्रू नीट बसले. रडू आलं नाही, पुढेही आलं नाही. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मला सगळं क्रमानं आठवतं, तारीख सोडून. ते तसंच सांगतो.

आप्पांना एकच मुलगी, गिरिजा. लातूरला हॉस्टेलवर राहून तिनं कॉम्प्युटरची पदवी घेतली होती. मग उदगीरच्या पुढे एका घरात तिचं लग्न झालं. दोन वर्षांनी, दसऱ्याच्या आसपास, ती एक पिशवी घेऊन परत आली. ती बसमधून उतरून दुकानासमोरूनच घरात गेली. घर दुकानाच्या मागेच होतं. आप्पांनी तिला पाहिलं, समोरच्या गिऱ्हाइकाला थांबा म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळानं बाहेर आले आणि त्या माणसाला हवा तो व्हॉल्व्ह दाखवायला लागले.

तिकडे काय झालं ते मला आजही पुरतं माहीत नाही. तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. लग्नाआधी तसं नव्हतं. एवढं माहीत आहे.

गिरिजा बोलत नव्हती. ताटात पडेल ते थोडं खायची, सांगितलं तर अंघोळ करायची. काकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, जवळ बसून रडायच्या, तर ती भिंतीकडे बघायची. आप्पांनी तिला काही विचारलं नाही. फक्त जेवायला बसताना त्यांनी आपला पाट हलवला. आयुष्यभर ते तिच्या डावीकडे बसत आले होते, ते उजवीकडे बसायला लागले.

थंडीत त्यांनी माझ्याकडून तिच्यासाठी एक साधा कॉम्प्युटर नेला. "पैल्यांदा आवड व्हती तिला," एवढंच म्हणाले. तिच्या पेटीत हॉस्टेलपासूनची एक सीडी होती, विमान चालवायच्या गेमची. त्यात मारामारी नव्हती, गुण नव्हते. एका विमानतळावरून उठायचं आणि दुसऱ्यावर उतरायचं. खऱ्या विमानाला चार तास लागत असतील तर गेममध्येही चार तास लागायचे. खाली नुसता समुद्र. गिरिजा तेवढे चार तास हलायची नाही. उतरलं की पुन्हा दुसरीकडे निघायची.

एप्रिल लागला आणि कॉम्प्युटर बंद पडायला लागला. पत्र्याची खोली, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस. तास-सव्वा तास झाला की आतला प्रोसेसर तापायचा आणि पडदा काळा व्हायचा. मी दोनदा जाऊन पंखा बदलला. उपयोग झाला नाही. तिसऱ्यांदा आप्पा स्वतः माझ्याकडे आले.

"मास्तर, त्ये बंद पडतं तवा ती उठत न्हाई. काळ्या पडद्याम्होरं तशीच बसून ऱ्हाती. विमान समुद्रावर असतंय."

मी म्हणालो, "आप्पा, गेम आहे तो."

"व्हय. पर बंद पडू ने असा कॉम्प्युटर येतो का?"

माझ्याकडे इंटरनेटवरून छापून घेतलेली काही पानं होती. परदेशातले हौशी लोक भारी गेमसाठी कॉम्प्युटर जोडत आणि तो थंड ठेवायला आत पाणी खेळवत. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा, त्यातून पाणी जाणार, उष्णता घेऊन गाडीसारख्या रेडिएटरमध्ये येणार, तिथं थंड होऊन पुन्हा आत. मी ती पानं गंमत म्हणून दाखवली. आप्पांनी चष्मा लावला आणि त्यातल्या एका फोटोकडे बराच वेळ पाहिलं.

"पंप, टाकी, पाइप, जाळी," ते म्हणाले. "मास्तर, ह्ये तर माझंच काम हाय."

मी त्यांना सांगितलं की साधा कॉम्प्युटर तसा करण्यात अर्थ नाही. करायचा तर सगळाच वरच्या दर्जाचा करावा लागेल, एकेक भाग निवडून. ते म्हणाले, "निवडू की. घाई कोणाला हाय?" मग पानं घडी घालून मला परत देताना म्हणाले, "फकस्त निवडायचं तिनं. आपून आणून ठिवायचं."

असं ठरलं खरं, पण गिरिजा काही निवडत नव्हती. मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून दोन प्रोसेसरची माहिती मागवली. एक जास्त वेगवान होता पण फार तापायचा. दुसरा जरा मंद होता आणि थंड राहायचा. आप्पांनी दोन्ही कागद तिच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, वर नटबोल्टचं वजन ठेवलं. आठ दिवस कागद तसेच. पंधरा दिवस तसेच. मी म्हणालो, "आप्पा, थंडवाला मागवून टाकू." ते म्हणाले, "न्हाई. कागद तिच्याम्होरं हायेत."

काकू एकदा चहा देताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरगी बोलावी म्हणून लोक डाक्टरकडं नेतेत. ह्ये कागदं मांडून बसलेत." आप्पांनी बशीतला चहा संपवला आणि कप खाली ठेवला.

विसाव्या-बाविसाव्या दिवशी मी हार्ड डिस्क तपासायला गेलो होतो. आप्पा तिच्या उजव्या हाताला बसून कसलीशी क्लिप घासत होते. गिरिजा पडद्याकडे बघतच म्हणाली,

"तापणारा घ्या. थंड ठेवता येईल."

आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरलेला. आप्पांनी घासणं थांबवलं नाही. "बरं," ते म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

त्यानंतर ती बोलायला लागली असं नाही. फक्त भागांबद्दल बोलायची. एकेक वाक्य. आप्पा तिच्यासमोर दोन-तीन वस्तू मांडून ठेवायचे आणि दिवसेंदिवस थांबायचे. वीजपुरवठ्याच्या डब्यासाठी मी तीन डबे आणले, तिन्हींवर सारखीच ताकद छापलेली. आप्पांनी ते दुकानातल्या काट्यावर ठेवले. एक बाकीच्या दोघांच्या निम्म्यानं भरला. "ह्याच्यात तांबं न्हाई, नुसता पत्रा हाय," म्हणून त्यांनी हलका बाजूला केला. उरलेल्या दोनमधून गिरिजानं एक घेतला. ग्राफिक्स कार्डासाठी तिनं माझ्याकडून सहा पानांचा तक्ता मागून घेतला आणि त्यातल्या एका ओळीखाली रेघ मारून परत दिला. मुंबईच्या व्यापाऱ्यानं ते कार्ड परळीला कोण वापरतंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, एक बाई. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

पंपाची निवड दुकानातच झाली. तीन बादल्या काउंटरवर. एकीत कूलरचा पंप, दुसरीत माशांच्या टाकीचा, तिसरीत पुण्याहून मागवलेला कारंज्याचा. तिन्ही पंप पंधरा दिवस चालू. लोडशेडिंगला वीज जायची, यायची. "बंद पडल्यावर आपलं आपून सुरू व्हतो का, त्ये बघायचं," आप्पा म्हणायचे. गिऱ्हाइकं येऊन बघत उभी राहायची.

"आप्पा, ह्ये कशाला?"

"कॉम्प्युटरसाठी."

"कॉम्प्युटरला पाणी पाजायलेत का आता?"

"व्हय. उन्हाळा हाय," आप्पा म्हणायचे. गावात बोलणं झालंच. मुलगी घरी आली म्हणून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं माझ्या गाळ्यातही लोक म्हणाले. मी ऐकून घेतलं.

कूलरचा पंप पाचव्या दिवशी वीज आल्यावर सुरूच झाला नाही. उरलेल्या दोहोंसाठी आप्पांनी गिरिजाला दुकानात बोलावलं. परत आल्यापासून ती पहिल्यांदाच रस्त्याकडच्या खोलीत आली. तिनं दोन्ही पंपांवर तळहात ठेवला, डोळे मिटून, बराच वेळ. मग माशांच्या टाकीच्या पंपाकडे बोट केलं. "हा कमी थरथरतो." आणि आत गेली.

तांब्याचा ठोकळा युनूसभाईंनी केला. त्यांचं लेथचं दुकान होतं. थर्मलच्या, म्हणजे वीज केंद्राच्या, भंगारातली तांब्याची जाड पट्टी आप्पांनीच शोधून आणली होती. युनूसभाईंनी ती आतून कोरली आणि हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "आप्पा, उमर गई मेरी मोटर के पुर्जे बनाने में. ये काय का हय, वो तो बोलो."

"लेकीचा हाय," आप्पा म्हणाले.

युनूसभाईंनी मजुरी सांगितली नाही. ठोकळ्याची प्रोसेसरवर टेकणारी बाजू आरशासारखी सपाट लागते. आप्पांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती घासली. दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, आठ-दहा दिवस. मधून मधून खिशातली पट्टी तिच्यावर उभी धरायचे आणि उजेडाकडे बघायचे. पट्टीखालून उजेड दिसेनासा झाला तेव्हा थांबले.

रेडिएटर दोन मिळाले. एक नवा, चकचकीत, ॲल्युमिनियमचा. दुसरा एका जुन्या व्हॅनच्या हीटरचा, तांब्या-पितळेचा, काळा पडलेला. मी नव्याच्या बाजूनं होतो.

"नगं," आप्पा म्हणाले. "ठोकळा तांब्याचा हाय. ह्ये दोन धातू एका पाण्यात ठिवले की एक दुसऱ्याला खातो. वरून चकाचक दिसतं. आतून पोकळ व्हत जातं. कळतं तवा पार भोक पडल्यालं असतं."

गिरिजानं मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. आप्पा बोलून गेले होते. ते रेडिएटरच्या नळीत बोट घालून गंज आहे का बघत राहिले. ती थोड्या वेळानं म्हणाली, "जुना घ्या."

पाण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. पाइप गवंडी लोक पातळी बघायला वापरतात तो पारदर्शक. हे सगळं आप्पांच्या गल्लीतच मिळालं.

श्रावणात सगळे भाग आले आणि त्याच आठवड्यात उदगीरकडून पत्र आलं. गिरिजाचे सासरे चार माणसांना घेऊन बोलणी करायला येणार होते. मुलीला नांदायला पाठवा, झालं गेलं सोडून द्या. पत्र काकूंनी मला वाचून दाखवायला लावलं. काकूंचं म्हणणं होतं की एकदा ऐकून तरी घ्यावं. पत्र आल्यावरच्या दोन दिवसांत मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा घाई करताना पाहिलं. त्यांना ती माणसं यायच्या आधी कॉम्प्युटर उभा करायचा होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही तो एका दिवसात जोडला. पाणी भरलं, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला. गिरिजा खुर्चीवर बसली. वीस मिनिटं झाली असतील. ठोकळ्याजवळच्या एका क्लिपखाली पाण्याचा थेंब धरला. आप्पांनी ती क्लिप जास्त आवळली होती, तिच्या कडेनं पाइपाला काप गेला होता. मी पाहिलं आणि बटणाकडे हात नेला तोवर थेंब खाली पडला. कट् असा बारीक आवाज झाला. मदरबोर्ड जळाला. बाकीचे भाग वाचले.

गिरिजा काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. आप्पा उठून दुकानात आले. मी मागून आलो. ते काउंटरमागे बसले होते. हातात तीच क्लिप होती. तिचा स्क्रू ते सोडायचे आणि पुन्हा आवळायचे.

"पाच रुपयाचा वायसर मी वाकवून बघतो, मास्तर," ते म्हणाले. "वाकवल्याबिगर देत न्हाई कोणाला. हाय का न्हाई?"

"हो."

"तिचं घर बघायला मी एक दुपार गेलतो. एक दुपार. सोयऱ्यानं सांगितलं घर चांगलं हाय. जेवण चांगलं व्हतं. विड्याचं पान लावून दिलं त्यांनी. शेजारी कोण ऱ्हातं त्येसुदिक मी इचारलं न्हाई."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आटे ढिले आहेत हे सांगताना असायचा तसा. तेवढ्यात एक माणूस फूट व्हॉल्व्ह मागायला आला. आप्पांनी क्लिप खाली ठेवली. "इहिरीत पाणी किती हाय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी गिरिजा माझ्या गाळ्यात आली. रस्ता ओलांडून, एकटी. "दुसरा बोर्ड मागवा. तोच नको, आणखी दाखवा," म्हणाली. तिनं अर्ध्या तासात निवडला. जाताना म्हणाली, "आणि आप्पांना सांगा, या वेळी आधी पाणी बाहेरच फिरवू. एक दिवसभर."

म्हणून सासरकडची माणसं आली तेव्हा ती चाचणी चालू होती. दुकानाच्या मागच्या ओसरीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती, त्यांच्यावर पंप, ठोकळा, रेडिएटर, पाइपांची वेटोळी. पाणी फिरत होतं. कागदावर थेंब पडला तर डाग दिसावा म्हणून कागद. सकाळचे अकरा वाजले होते. गिरिजा शेजारच्या खोलीत होती, दार उघडं. मला आप्पांनी बसवून घेतलं होतं, कागदांवर लक्ष ठेवायला.

सासरे धिप्पाड होते. बोलणं गोड. ते खाली मांडलेल्याकडे बघत म्हणाले, "ह्ये काय काढलंय आप्पा?"

"पाणी बघायलोय. बसा."

बरंच बोलणं झालं, पण ते एकाच बाजूनं झालं. मुलगा तापट आहे, आता सुधारलाय. मुलीनंही थोडं समजून घ्यायला पाहिजे होतं. समाजात दोन्ही घरांचं नाव आहे. बरोबरचे चौघे मान हलवत होते. काकू दाराआड उभ्या राहून डोळ्यांना पदर लावत होत्या. आप्पा एका सांध्यावरून बोट फिरवून बोट कोरडं आहे का बघायचे, मग पुढच्या सांध्यावर जायचे. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"मला एकच इचारायचंय. माझ्या लेकीचा डावा कान कशानं गेला?"

सासरे म्हणाले, "त्ये तिला आधीपासून थोडं..."

"लग्नाच्या आधी मी दुकानातून बारीक हाक मारली तरी ती घरातून व्हय म्हणायची. कशानं गेला?"

पंपाची बारीक घरघर ऐकू येत होती. सासऱ्यांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसानं खाली पाहिलं. आप्पा थांबले. गिऱ्हाईक मोजून येईपर्यंत थांबायचे तसे थांबले. मी कागदांकडे बघत होतो. कागद कोरडे होते.

मग काकू दाराआडून बाहेर आल्या. त्यांनी पदर खाली घेतला होता. "चहा ठिवलाय," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आन् जावा."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. आप्पा त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले. परत येऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, कुठं डाग?" मी नाही म्हणालो. पुढचं कोर्टाचं काम दोन वर्षं चाललं आणि संपलं. त्याबद्दल घरात फारसं बोलणं व्हायचं नाही.

कॉम्प्युटर चालला. मधे एकदा पाणी हिरवं झालं, खिडकीतून ऊन यायचं म्हणून शेवाळ धरलं होतं. आप्पांनी सगळं पाणी काढून पाइपांवर काळा कागद गुंडाळला. पुढच्या मे महिन्यात मी भर दुपारी जाऊन बघितलं. बाहेर त्रेचाळीस होतं. इन्व्हर्टर चालू होता, पत्रा तडतडत होता. प्रोसेसरचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं, ते पन्नासच्या आतच होतं. गिरिजा समुद्रावर होती. आप्पा तिच्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसले होते. त्यांना त्या गेममधलं काही कळायचं नाही.

"कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं.

"मस्कत."

"किती ऱ्हायलंय?"

"पावणेदोन तास."

"बरं," आप्पा म्हणाले आणि तिथंच बसून राहिले. विमान उतरेपर्यंत ते उठले नाहीत. मी मधेच निघून आलो.

जूनमध्ये गिरिजानं पुण्याला नोकरी धरली. एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम. अर्ज तिनंच केला होता. तिनं सांगितलं तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, "जागा बघितलीस का?" ती म्हणाली, "दोनदा जाऊन आले. बाकीच्या पोरींशी पण बोलले." आप्पांनी मान हलवली. तिनं कॉम्प्युटर नेला नाही. दोन-तीन वर्षांत तो जुना झाला, कॉम्प्युटर होतातच. ती सणाला यायची. माझ्याशी पहिल्यासारखं मोजकंच बोलायची. पुन्हा लग्न तिनं केलं नाही. ती सुखात आहे का, हे मला सांगता येणार नाही. नोकरी अजून करते.

आप्पांच्यात मात्र एक बदल झाला. कोणाच्या मुलीचं लग्न जमायला लागलं की ते म्हणायचे, "घर मी बघून येऊ का?" आधी लोकांना विचित्र वाटलं. मग लोकच त्यांना विचारायला लागले. युनूसभाईंनी आपल्या धाकटीच्या वेळी त्यांनाच पाठवलं. आप्पा एका घरी तीन-तीन, चार-चार वेळा जायचे. पहिल्यांदा सांगून, नंतर न सांगता. घरात कमी बसायचे. गिरणीत, किराणा दुकानात, शेजाऱ्यांकडे जास्त. त्या घरी आधी आलेल्या सुनेशी कोणी ओळखीचं आहे का ते शोधायचे. दोन लग्नं त्यांनी मोडली. त्या दोन्ही घरांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली. आप्पांनी त्याबद्दल कधी खुलासा केला नाही.

मी तोवर दुकान बीडला हलवलं होतं. एकदा आप्पा तिथं आले. बरेच थकले होते, जिना चढून आल्यावर आधी खुर्चीत बसले. मी चहा मागवला.

"हिथं जवळच, पालीचं एक घर बघायलोय," ते म्हणाले. "आमच्या दुकानातल्या हमालाची पोरगी हाय. दोन बारी गेलतो. दोन्ही बारी समदे घरीच, समदे हसून बोलाय लागले. आता दुपारच्याला जातो, मानसं रानात असताना."

"आप्पा, तब्येत बघा आधी. एवढ्या उन्हात कशाला फिरता?"

"उन्हाचं काय," ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

आठवड्याभरानं मी मांजरसुंब्याकडे निघालो होतो. बस पालीला थांबली. दुपारचा एक वाजला असेल. मी खिडकीशी होतो. रस्त्यापलीकडे हातपंप होता आणि आप्पा तिथं उभे होते, काखेत छत्री, हातात कापडी पिशवी. एक बाई पाणी भरत होती. आप्पा तिला काहीतरी म्हणाले. तिनं दांडा हापसला, आप्पांनी ओंजळ धरली आणि पाणी प्यायले. मग ते लगेच गेले नाहीत. चपला काढून बाजूला ठेवल्या आणि लिंबाच्या सावलीत खाली बसले, सगळा दिवस मोकळा असल्यासारखे.

मी हाक मारू शकलो असतो. बस चांगली पाच मिनिटं थांबली होती. मारली नाही, आणि नंतर ते भेटले नाहीत. का, ते मला आजही सांगता येत नाही. कंडक्टरनं घंटी दिली. बस निघाली तेव्हा त्या बाईनं भरलेली घागर पुन्हा खाली ठेवली होती. ती हात हलवून काहीतरी सांगत होती आणि आप्पा ऐकत होते.